नळातली हवा, गल्लीतला खड्डा

पहाटे साडेपाचला नळ उघडला की आधी पाणी येत नाही, हवा येते. फुस्स, मग एक उचकी, मग चूळभर लालसर पाणी, आणि मग कुठे धार. आमची आत्या म्हणते, नळाला दमा झालाय. तिचं घर चढाच्या टोकाला आहे. खालच्या अंगाच्या शेजारणीच्या दोन कळश्या भरून होतात, तोवर हिच्या नळाचा घसाच साफ होत असतो.

मी नकाशे काढण्याच्या कामात आहे. जलवाहिन्या, गटारं, रस्त्यांचे छेद, असलं सगळं. आत्याला वाटतं, मला गावातल्या प्रत्येक खड्ड्याचं कारण माहीत असतं. तसं काही नाही. पण तिच्या प्रश्नांना उत्तरं देता देता एक लक्षात आलं. शहराचं नियोजन समजून घ्यायला अख्खं शहर लागत नाही. एक गल्ली घ्यायची आणि बाकरवडीसारखी आडवी कापून बघायची.

साताऱ्यासारखं गाव यासाठी फार सोयीचं. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला, उतारावर वसलेलं. पाट्यांवर राजपथ आणि कर्मवीर पथ लिहिलेलं असलं, तरी बोलताना आपण वरचा रस्ता आणि खालचा रस्ता असंच म्हणतो. या दोन रस्त्यांना जोडणारे बोळ चढाचे. पाण्याला, सांडपाण्याला, पावसाला आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला, चौघांनाही हा चढ-उतार सोडत नाही.

आधी पाणी. साताऱ्याला पाणी कुठून येतं, तर एक वाट कासच्या तलावातून. ब्रिटिश काळातला हा तलाव शहराच्या पश्चिमेला पंचवीसेक किलोमीटरवर, आणि शहरापेक्षा तीन-चारशे मीटर उंचावर. पूर्वी तिथून पाणी उघड्या पाटाने यायचं, नंतर पाइपातून. पण मुख्य गोष्ट तीच राहिली: ते आपल्या पायाने उतरून येतं. पंप नाही, वीजबिल नाही. दुसरी वाट शहापूर योजनेची, उरमोडी नदीचं पाणी उपसून वर आणायची. तिथे प्रत्येक थेंब उचलावा लागतो. शिवाय उपनगरांच्या बऱ्याच भागाला महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचं पाणी आहे, ते कृष्णेवरून. एकाच गावात दोन शेजाऱ्यांची पाणीपट्टीची बिलं वेगळ्या कचेऱ्यांतून येतात, ती यामुळे.

उचलण्याचा खर्च किती असतो, याचा हिशेब शाळेतल्या विज्ञानावर जमतो. एक हजार लिटर पाणी शंभर मीटर वर चढवायला, पंपाची घट धरून, साधारण ०.४ युनिट वीज लागते. ऐकायला काहीच नाही. पण २०११ च्या जनगणनेत साताऱ्याची लोकसंख्या १ लाख २० हजारांच्या आसपास होती. माणशी रोज १३५ लिटर हे आपल्याकडचं नियोजनाचं प्रमाण लावा: दिवसाला १ कोटी ६२ लाख लिटर. एवढं सगळं शंभर मीटर चढवायचं म्हटलं, तर रोज साडेसहा हजार युनिटं. हे फक्त उदाहरण झालं, प्रत्यक्षात किती पाणी कुठून किती चढतं त्यावर आकडा बदलेल. पण कासच्या धरणाची उंची वाढवायचा खटाटोप का केला, हे यातून कळतं. उंचावर साठवलेलं पाणी म्हणजे आधीच भरून ठेवलेलं वीजबिल.

आता नळातल्या हवेकडे. दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ म्हणजे जवळपास एक किलो दाब. आपले प्लंबर 'एक किलो प्रेशर' म्हणतात ते हेच. टाकी आणि तुमचा नळ यांच्या उंचीत जेवढा फरक, तेवढा दाब. त्यातला काही वाटेत पाइपाच्या घर्षणात जातो. म्हणून एकाच टाकीवर वरची आणि खालची अशी दोन्ही घरं टाकली, तर खालच्यांच्या नळाला कारंजं आणि वरच्यांना फुस्स. यावर उपाय म्हणजे झोन पाडणं: वरच्या घरांना उंचावरची वेगळी टाकी, खालच्यांना वेगळी, आणि मधल्या सगळ्या चोरवाटा बंद. कागदावर हे सोपं. जमिनीत मात्र साठ वर्षांपूर्वी कुणीतरी कुणाला तरी दिलेली जोडणी असते, तिची नोंद नकाशात नसते. ती फक्त पाणी सोडणाऱ्या माणसाच्या डोक्यात असते. तो निवृत्त झाला की गावाचा निम्मा नकाशा त्याच्यासोबत घरी जातो. मी अशा एका निवृत्त व्हॉल्व्हमनसोबत दोन दिवस हिंडलोय. डोळे मिटून सांगायचे, "या पिंपळापासून सात पावलं, भिंतीकडे, अडीच फुटांवर." खणलं तर तिथेच.

पाणी ठरावीक वेळीच सोडलं की दोन वेळांच्या मध्ये पाइप रिकामा होतो. खालची घरं उरलंसुरलं ओढून घेतात, वरच्या पाइपात हवा शिरते. सकाळी व्हॉल्व्ह उघडला की तीच हवा आत्याच्या नळातून बाहेर पडते. हवेपर्यंत ठीक. पण रिकामा पाइप आत ओढतोही. जिथे सांधा गळका, तिथे भरलेल्या पाइपातून पाणी बाहेर जातं, आणि रिकाम्या पाइपात बाहेरचं आत येतं. बाहेर काय असतं? बहुतेक वेळा गटार. कुणी नळाला थेट मोटार लावली, तर ही ओढ आणखी वाढते. पावसाळ्यात एका गल्लीत कावीळ आणि पलीकडच्या गल्लीत काहीच नाही, असं होतं ते अशाने. चोवीस तास पाणी ही चैन आहे असा आपल्याकडे समज आहे. खरं तर पाइप सतत भरलेला आणि दाबाखाली ठेवणं हाच पाणी शुद्ध राहण्याचा सर्वांत भरवशाचा उपाय आहे. ते जमेपर्यंत, पहिली बादली झाडांना.

म्हणून पाण्याची लाइन आणि गटाराची लाइन यांच्यात अंतर ठेवायचं असतं. अभियंत्यांची मार्गदर्शक पुस्तिका सांगते: आडवं तीन मीटर. आमच्या पेठेतला बोळ भिंतीपासून भिंतीपर्यंत तीन मीटर भरत नाही! मग निदान उभं अंतर राखायचं, म्हणजे गटार खोल आणि पाणी त्याच्या वर किमान अर्धा मीटर. म्हणूनच गल्लीचं काम खालून वर करायचं असतं. सर्वांत खोल सांडपाण्याची लाइन. मग पाण्याची. मग वीज आणि केबलसाठी रिकामे पाइप, आज गरज असो नसो. मग पावसाच्या पाण्याची कडेची गटारं. आणि या सगळ्यानंतर, सर्वांत शेवटी, रस्ता.

साताऱ्याच्या उताराचा सांडपाण्याला फायदा होतो. गटारातलं पाणी सेकंदाला साधारण ०.६ मीटर तरी वेगाने वाहिलं, तर गाळ बसत नाही. सांगलीसारख्या सपाट गावात हा वेग मिळवण्यासाठी पाइप खोल खोल न्यावा लागतो, आणि मग तळाशी पंप बसवून पाणी वर उपसावं लागतं. कृष्णेला पूर आला की तिथलं गणित आणखी अवघड. नदीच गटाराच्या तोंडापेक्षा वर चढते, आणि पाणी उलटं फिरतं. साताऱ्यात ही भानगड नाही. इथे उलट. फार तीव्र उतारावर पाणी इतकं सुसाट जातं की पाइप झिजतो, म्हणून मधे मधे विहिरीसारखे चेंबर करून पाण्याला खाली पाडायचं आणि पुन्हा संथ करायचं. रस्त्यावर एवढी झाकणं का, याचं एक उत्तर हे. आणखी एक पथ्य: पावसाचं पाणी चुकूनही या लाइनीत सोडायचं नाही. गच्चीचा पाइप सांडपाण्याच्या चेंबरला जोडला की जुलैत खालच्या गल्लीतलं झाकण उडतं. जोडणारा वर राहतो, त्याला ते दिसतही नाही.

आता आत्याचा लाडका प्रश्न. "एवढं सगळं ठाऊक असतं, तर रस्ता केल्यावर मग का खणतात?"

ठाऊक नसतं असं नाही. पैसा खालून वर येत नाही, हे कारण. प्रत्येक थराचा मालक वेगळा, आणि प्रत्येकाची थैली वेगळी. पाणी नगरपालिकेचं किंवा प्राधिकरणाचं, वीज महावितरणची, केबल खासगी कंपनीची, आणि रस्ता नगरपालिकेचा की सार्वजनिक बांधकाम खात्याचा, हे चौकागणिक बदलतं. सरकारी पैशाला तर 'हेड' असतं. रस्त्याच्या हेडचा पैसा गटारावर खर्च करता येत नाही. वित्त आयोगाच्या अनुदानातला मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला असतो. जिल्हा नियोजन समितीचा निधी वेगळा, राज्याच्या नगरोत्थान योजनेचा वेगळा, केंद्राच्या अमृत योजनेचा वेगळा. त्यातला रस्त्याचा निधी जानेवारीत मंजूर होतो आणि ३१ मार्चच्या आत खर्ची पडावा लागतो. गटाराचा प्रस्ताव मात्र अजून तांत्रिक मंजुरीच्या टेबलावर. अशा वेळी 'थांबा, आधी गटार होऊ दे' म्हणणाऱ्या नगरसेवकाचा निधी परत जातो, आणि पुढच्या निवडणुकीत लोक विचारतात, तुम्ही काय केलंत? जमिनीखालचं गटार दाखवून कुणी मतं मागत नाही. गुळगुळीत डांबर दिसतं.

माझ्या आजोळच्या गावात, नाव राहू दे, आजोबांच्या घराला रस्त्यावरून चढायला तीन पायऱ्या होत्या. दर चार-पाच वर्षांनी जुन्या डांबरावर नवा थर. मी कॉलेजात गेलो तेव्हा दोन राहिल्या, लग्न झालं तेव्हा एक. आता उंबरा आणि रस्ता एका पातळीत आहेत, आणि मोठा पाऊस झाला की पाणी सरळ देवघरात येतं. जुना थर खरवडून काढून मग नवा टाकायचा, एवढंच करायचं असतं. ती बाब अंदाजपत्रकात वेगळी लिहावी लागते, आणि तिला पैसे लागतात, म्हणून ती गळते.

एखादं काम कागदावर कसं चालतं ते थोडक्यात: आधी प्रशासकीय मान्यता, म्हणजे 'हे काम करायचं' हा निर्णय. मग अंदाजपत्रक, सरकारी दरसूचीवरून. मग तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यादेश. काम सुरू झालं की मोजमाप पुस्तिका, आमच्या भाषेत 'एमबी'. कनिष्ठ अभियंता टेप लावून लांबी, रुंदी, जाडी लिहितो आणि त्यावर बिल निघतं. सामान्य माणसाला या साखळीत हात घालायला दोनच जागा बऱ्या. पहिली अंदाजपत्रक होण्याआधीची, कारण त्यात न लिहिलेली गोष्ट नंतर होत नाही. आणि दुसरी दोषदायित्व कालावधीची: काम संपल्यावर ठरावीक काळ दुरुस्ती ठेकेदाराने पदरच्या पैशाने करायची असते. कामाच्या जागी लावलेल्या फलकावर योजनेचं नाव, रक्कम, ठेकेदार आणि बहुधा हा कालावधीही असतो. त्याचा एक फोटो काढून ठेवावा. फलक फार दिवस टिकत नाहीत.

मोठ्या चित्राला विकास आराखडा म्हणतात, बोलीभाषेत 'डीपी'. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याने तो करावा लागतो, आणि वीस वर्षांतून एकदा तरी त्याची सुधारणा व्हावी लागते. कुठे बाग, कुठे शाळा, कुठला रस्ता किती रुंद, हे सगळं त्यात. प्रारूप प्रसिद्ध झालं की हरकती-सूचनांसाठी तीस दिवस मिळतात. त्या तीस दिवसांत बहुतेक हरकती कुणाच्या असतात? ज्यांच्या जमिनीवर बागेचं, शाळेचं आरक्षण पडलं त्यांच्या. त्यात गैर काही नाही. पण जिथे बाग होणार, त्या बागेच्या बाजूने लिहिलेला एकही कागद फायलीत नसतो. पुढे दहा वर्षं जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देतो. त्यानंतरच्या चोवीस महिन्यांतही काही हाललं नाही, तर कलम १२७ खाली आरक्षण गळतं. अशी ती बाग नकाशातून पुसली जाते, आरडाओरडा न होता.

सप्टेंबर २०२० मध्ये साताऱ्याची हद्द वाढली. शाहूपुरी, विलासपूरसारखी ग्रामपंचायतीची गावं शहरात आली. हद्द एका अधिसूचनेने वाढते. पाइप, गटार आणि पदपथ तसे वाढत नाहीत. ग्रामपंचायतीच्या काळात प्लॉट पडले, बंगले उठले, मधला रस्ता जेवढा उरला तेवढा उरला. आता त्यात सगळे थर बसवायचे. मोकळी जमीन असताना आधी रस्त्यांची आखणी केली असती, तर हे काम दोरी आणि चुन्याच्या फक्कीवर झालं असतं.

कचऱ्याचं पटकन सांगतो, कारण घंटागाडीचं गाणं सगळ्यांना पाठ आहे. ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग करा, असं २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरोघरी सांगितलं. का? आपल्या शहरांच्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास भाग ओल्याचा, आणि त्या ओल्यात बहुतेक पाणीच. मिसळलेला कचरा डेपोपर्यंत नेणं म्हणजे डिझेल जाळून पाणी वाहून नेणं. वेगळा असेल तर ओल्याचं खत होतं, तेही वाळल्या पानांचा थर अधूनमधून दिला तर वासाविना.

सुक्याचं मात्र सरसकट नसतं. कंदी पेढ्यांचा बॉक्स घ्या. बाहेरचा पुठ्ठा कोरडा असेल तर रद्दीवाला खुशीने नेतो. आतला तुपकट कागद? कागदाच्या लगद्यात तूप चालत नाही, तो बाद. वरचं चकचकीत प्लास्टिक इतकं पातळ की गोळा करायला लागणारी मजुरी त्याच्या किमतीपेक्षा जास्त. वेफरच्या पाकिटात तर प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले, ते सुटे करणं परवडतच नाही. म्हणजे पुनर्वापर होतो की नाही हे त्या वस्तूला गिऱ्हाईक आहे का यावर ठरतं. खोक्यावर छापलेला बाणांचा त्रिकोण गिऱ्हाईक आणून देत नाही. आणि शहराचा खरा पुनर्वापर अजूनही भंगारवाल्याच्या हातगाडीवर आणि कचरावेचक बायकांच्या पोत्यात होतो. त्यांना डेपोच्या आत टेबल, हातमोजे आणि वजनकाटा दिला, तर दुसरं यंत्र आणण्याआधी बरंच काम होईल, असं माझं मत.

शेवटी चालणं. शहराच्या अंदाजपत्रकात चालणाऱ्याचं खातं सर्वांत हलकं, म्हणून मी त्याला जरा जास्त वेळ देतो. आपल्याकडच्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेत पदपथाची माप-मोजणी स्पष्ट आहे: अडथळ्याविना किमान १.८ मीटर रुंदी, म्हणजे दोन चाकखुर्च्या एकमेकींना ओलांडून जातील एवढी. आणि उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको, म्हणजे वीतभरापेक्षा कमी. प्रत्यक्षात पदपथ म्हणजे गटाराचं झाकण. गटार जितकं उंच, तितका पदपथ उंच. गुडघ्याएवढा झाला की म्हातारं माणूस त्यावर चढतच नाही. मग तो मोकळा राहतो, मग तिथे मोटारसायकली लागतात, मग लोक म्हणतात, बघा, पदपथ केला तरी माणसं रस्त्यावरूनच चालतात.

हातगाडीवाल्याला हाकललं की पदपथ मोकळा होतो, हाही एक समज. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने विक्रेत्यांचं सर्वेक्षण करून त्यांना जागा आखून द्यायची आहे, आणि ज्या समितीने हे ठरवायचं तिच्यात निदान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचेच हवेत. भाजीवाली ज्या कोपऱ्यावर बसते तो कोपरा संध्याकाळी सुरक्षित असतो, कारण तिथे दिवा असतो आणि डोळे असतात. आखणी करतानाच तिची चौकट काढली, तर चालणाऱ्याचे १.८ मीटर वाचतात.

साताऱ्यातल्या पोवई नाक्याला आठ रस्ते येऊन मिळतात. तिथे गाड्यांसाठी जमिनीखालून मार्ग काढला, तो २०२१ मध्ये खुला झाला. गाड्यांचा प्रश्न असा खोदून सोडवता येतो. पायी माणसाचा नाही. त्याला खाली उतरवून पुन्हा वर चढवलं, तर तो उतरतच नाही. तो सरळ रेषेत जातो, कारण त्याचं इंधन त्याच्या गुडघ्यात असतं.

मागच्या महिन्यात मी आत्याला एक काम दिलं. घरापासून बाजारापर्यंत पदपथाने जायचं, आणि जितक्या वेळा खाली उतरावं लागेल तितके शेंगदाणे डाव्या खिशातून उजव्या खिशात टाकायचे. परत आली तेव्हा उजव्या खिशात एकोणीस होते. कुठे रोहित्राचा खांब, कुठे गेटसाठी केलेला उतार, कुठे दुकानाची पायरी. मी ते एकेक ठिकाण नकाशावर लाल टिंबाने मांडलं, शेजारी कारण लिहिलं, आणि तो कागद प्रभागाच्या कामांची यादी होण्याआधी अर्जासोबत जोडला. आवक क्रमांकाचा शिक्का मारून घेतला. आत्याने अर्जावर सही करताना एकच दुरुस्ती सुचवली. शेंगदाणे वीस होते, एक तिने वाटेत खाल्ला होता.